पाव फेरा

सोमवारी आणि गुरुवारी सकाळी वर्ल पोहायला गेला, की मी त्याच्या टेबलाशी बसून त्याचं काम बिघडवायचे. तेव्हा मी त्याला नीटनेटकं करणं म्हणायचे.

वर्ल स्टकी म्हणजे माझा नवरा. बटाट्याच्या कारखान्यात टूलरूममध्ये अडतीस वर्षं लेथ चालवली त्यानं. कापायच्या, सोलायच्या यंत्रांचे सुटे भाग बनवायचा. आमच्या नॅम्पा गावातल्या निम्म्या लोकांनी त्या कारखान्यात कधी ना कधी काम केलंय, आणि वर्लचं नाव काढलं की ते अजून म्हणतात, तो होय, नाकावर माशी बसू न देणारा. खरं आहे ते. मी त्या नाकाबरोबर सेहेचाळीस वर्षं काढली आहेत.

निवृत्त झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात हा माणूस खुर्चीत बसला तो उठेचना. टीव्ही चालू, आवाज बंद, नजर खिडकीबाहेर. जेवायला बोलावलं तर यायचा, ताटात काय आहे ते न बघता खायचा. मी बोलून बघितलं, रागावून बघितलं, एकदा तर खुर्चीच विकून टाकते म्हणाले. "विक," म्हणाला. त्या हिवाळ्यात मी जितकी घाबरले तितकी त्याच्या बायपासच्या वेळीही घाबरले नव्हते. मग मार्चमध्ये कारखान्यातला एक जुना सोबती खिशातला घडीचा चाकू घेऊन आला आणि म्हणाला, याचे स्क्रू पितळेचे करून देशील का? वर्ल उठला. गॅरेजमधल्या छोट्या लेथवरचं कापड काढलं. त्या दिवशी मी देवाचे आणि त्या चाकूचे दोघांचेही आभार मानले.

तिथून नऊ वर्षं हेच. देशभरात असे चाकू बाळगणारे पुरुष आहेत, बायकाही आहेत थोड्या. टायटॅनियमची मूठ, आरशासारखं पातं, किंमत आमच्या पहिल्या गाडीएवढी. त्यानं फारसं कोणी काही कापत नाही. उघडायचा, मिटायचा, टक असा आवाज ऐकायचा, पुन्हा उघडायचा. आणि मग हात शिवशिवायला लागतात. स्क्रू काळे आहेत, ते कांस्याचे हवेत. खिशाला अडकवायची क्लिप राखाडी आहे, ती निळी हवी. मुठीच्या पाठीची पट्टी बदलायची, पातं ज्याच्यावर फिरतं तो बिजागरीचा मोठा स्क्रू बदलायचा. यातल्या एकाही गोष्टीनं पातं जास्त कापत नाही. मी हे एकदा वर्लला म्हटलं.

"तुझ्या कानातल्यांनी तुला जास्त ऐकू येतं का?" तो म्हणाला.



पण लोक वर्लकडे चाकू पाठवायचे ते काही नुसत्या रंगासाठी नाही. ते पाठवायचे ओळीसाठी. स्क्रू घट्ट बसला की त्याच्या डोक्यावरची खाच कुठेही तोंड करून थांबते. एकाची आडवी, एकाची तिरकी. वर्लच्या चाकूवर सगळ्या खाचा मुठीच्या लांबीला धरून एका ओळीत. ते करायचं कसं, तर स्क्रू घट्ट बसवून बघायचा, काढायचा, डोक्याची खालची बाजू बारीक दगडावर दोन वेळा घासायची, पुन्हा बसवायचा, पुन्हा काढायचा. घट्टपणा संपतो तिथेच खाच सरळ आली पाहिजे, आधी नाही आणि नंतर नाही. एका स्क्रूला अर्धा तास, एका चाकूला सहा-आठ स्क्रू. चाकूवाल्यांच्या जगात त्याला 'स्टकीची ओळ' म्हणतात. त्यांचे फोटो येतात, ओळीवर बोट ठेवून काढलेले. जणू नातू झालाय.

माझ्याकडे होतं ते बाकीचं सगळं. ई-मेल वाचायचे, उत्तरं लिहायची, काढलेले जुने भाग छोट्या पिशवीत घालून चाकूबरोबर परत पाठवायचे, कारण एक मूळ स्क्रू हरवला तर हे लोक सुतक पाळतात. मग फुग्यांच्या प्लास्टिकात गुंडाळायचं, खोकी चिकटवायची आणि पोस्टात नेऊन द्यायची. वर्ल कॉम्प्युटरला हात लावत नाही.

गेल्या वर्षापासून वर्लचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाला, हा कंपवातासारखा वाईट आजार नाही, नुसतं थरथरणं आहे, वयानं वाढत जाईल. वर्लनं ते हवामानाचा अंदाज ऐकावा तसं ऐकलं आणि घरी आल्यावर त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही. आमच्याकडे ही पद्धतच आहे.

मार्चच्या शेवटी एक चाकू गुंडाळताना मला ओळ वाकडी दिसली. मी चष्मा बदलला. तरी वाकडी. सहापैकी चार स्क्रू चार दिशांना बघत होते.  वर्ल आणि वाकडी ओळ! म्हणजे त्याला दिसलंच नाही. हातही गेला आणि डोळेही गेले. आता हे ज्या माणसाचं आहे तो फोटो काढून सगळ्या जगाला दाखवणार, चार लोक हसणार, कोणीतरी वर्लला लिहिणार, आणि वर्ल पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणार. या खेपेला कोण चाकू घेऊन येणार होतं?

मी त्याचा छोटा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चारही स्क्रू सरळ केले. कोणता किंचित पुढे, कोणता मागे. पाव फेऱ्याहून जास्त कधीच नाही. दोन मिनिटांचं काम. वर्ल पोहून आला तेव्हा खोकं चिकटवून झालेलं होतं.

मला कळत नव्हतं असं नाही. सेहेचाळीस वर्षं टूलरूमवाल्याची बायको आहे मी. स्क्रूच्या आट्यांमध्ये तो निळा गोंद लावतो, तो रात्रभरात धरतो, आणि धरल्यावर स्क्रू फिरवला की त्याची पकड तुटते, हे मला माहीत होतं. पण मुठीचे बारके स्क्रू, त्यांनी काय बिघडतंय, असं मी स्वतःला समजावलं. पुढच्या चाकूच्या वेळीही तेच समजावलं. मेमध्ये एकाच्या बिजागरीचा मोठा स्क्रू वाकडा होता. बाकी सगळे सरळ आणि मधला मोठा तेवढा तिरका, म्हणजे नजर नेमकी तिथेच जाणार. तोही मी मागे घेतला, थोडासाच. उघडून मिटून बघितलं. पातं उलट हलकं चालायला लागलं, आपल्या वजनानं मिटायला लागलं. त्या माणसाचं पत्र आलं: वर्ल, इतकं अलगद चालणारं पातं मी आयुष्यात बघितलं नाही! मी ते वर्लला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो नुसता "हं" म्हणाला.

उन्हाळा गेला. मी दर सोमवारी आणि गुरुवारी खोक्यांची पिशवी घेऊन पोस्टात रांगेत उभी. गुडघे ठणकायचे. खिडकीवरची मायटे बास्क वंशाची आणि बोलकी आहे, ते लोक असतातच तसे.

"काय हो लारू, आज किती मुलं सासरी पाठवताय?" ती विचारायची.

"सात," मी म्हणायचे. "आणि त्यातलं एकही परत आलं तर बघ."

ती हसायची, मी हसायचे, मागचे लोक खोकायचे. घरी येऊन मी पाय वर करून पडायचे आणि वाटायचं, अजून किती दिवस? अठ्ठ्याहत्तरच्या नवऱ्याचं काम चोरून दुरुस्त करायचं, ते कोणाला सांगायचं नाही, वर त्याच्यासमोर हसरं तोंड ठेवायचं. मला खरंच कंटाळा आला होता. पण वर्ल सकाळी उठून गॅरेजात जात होता ना? मग झालं तर. त्यासाठी मी आणखी दहा वर्षं रांगेत उभी राहिले असते.

नोव्हेंबरच्या एका मंगळवारी ऑस्ट्रँडरचा मेल आला. हा वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरचा, फेरीबोटींवर इंजिनिअर होता, आता निवृत्त. जुनं गिऱ्हाईक, आणि माणूस भला. आपले चाकू खरोखर वापरणाऱ्या मोजक्या लोकांपैकी एक. सप्टेंबरात आम्ही त्याचा चाकू कांस्याचे स्क्रू लावून पाठवला होता, बिजागरीसकट. त्यानं लिहिलं होतं, बोटीवर दोरी कापत होतो, पातं बाजूला कललं, ते उघडं धरून ठेवणारी अडकण सुटली आणि चाकू बोटावर मिटला. सात टाके पडले. पहिल्या बोटाची वाकवणारी शीर कापली गेली आहे, डॉक्टर म्हणतात बोट पूर्वीसारखं वाकणार नाही. नंतर बघितलं तर बिजागरीचा स्क्रू हातानं फिरतोय. तुझी ओळ नेहमीसारखी देखणी होती, वर्ल, एकही खाच केसभर इकडे-तिकडे नाही. पण स्क्रू ढिला होता. दुसऱ्या कोणाचं असं होऊ नये म्हणून कळवतो आहे.

मी ते चारदा वाचलं.  मग वर्ल आत आला, आणि माझ्या तोंडाकडे बघून त्यानंच विचारलं, "काय झालं?"

मी वाचून दाखवलं. सगळं वाचलं, ओळीचं वाक्य तेवढं गाळलं. का गाळलं, ते मला विचारू नका. जीभ आपोआप उडी मारून पुढे गेली.

वर्ल कॉटवर बसला. "कोणतं बोट?"

"पहिलं. उजव्या हाताचं."

"स्क्रू हातानं फिरत होता?"

"तसं लिहिलंय."

तो उठला. गॅरेजात गेला. मी मागे गेले नाही. त्या दिवशी मी राजमा-खिम्याची चिली केली होती, दालचिनीचे रोल आणले होते, त्याला आवडतात तसे. दोन्ही तशीच राहिली.

आणि खरं सांगते, घाबरले होते तरी माझ्या मनाच्या एका कोपऱ्याला हलकं वाटलं. आता तो आपणच थांबेल. मला काही सांगावं लागणार नाही. खोकी नाहीत, रांग नाही, चोरून स्क्रू फिरवणं नाही. हे मनात आलं, आणि मग मला माझीच लाज वाटली. पण आलं होतं, हे खोटं नाही.

बुधवारी तो गॅरेजातून बाहेर आला नाही. गुरुवारी पोहायला गेला नाही. मी दोनदा दार उघडून बघितलं. त्यानं जोर मोजायचा स्क्रूड्रायव्हर काढला होता, ज्याच्यावर काटा असतो तो. टायटॅनियमच्या एका तुकड्यात बिजागरीचे स्क्रू बसवायचा, काट्याकडे न बघता आपल्या अंदाजानं घट्ट करायचा, मग मोजायचा आणि कागदावर आकडा लिहायचा. पुन्हा. पुन्हा. दोन्ही वेळा मी दार हळूच लोटून घेतलं. मूग गिळून बसायची सवय एकदा लागली की ती सुटत नाही.

शुक्रवारी सकाळी त्यानं मला हाक मारली. बाहेर धुकं होतं आणि साखर कारखान्यातून बीटाचा तो कुबट वास येत होता. त्यानं कागद माझ्यासमोर धरला. आकड्यांच्या तीन रांगा होत्या. त्याच्या हातात कागद फडफडत होता, म्हणून मी तो टेबलावर ठेवला.

"बघ," तो म्हणाला. "चाळीस वेळा केलं. चाळीसही वेळा जोर बरोबर. हात कापतो, पण जोर चुकत नाही. तो मनगटात असतो, बोटांत नसतो."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसं? मग ऑस्ट्रँडरचा स्क्रू ढिला कसा झाला?"

मी कागदावरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

"एकच कारण उरतं. मी तो घट्ट केलाच नाही. नुसता टेकवला आणि घट्ट करायचं विसरलो. गोंदही लावला नसेल." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "लारू, मला मात्र आठवतंय की मी घट्ट केला होता. अगदी स्पष्ट आठवतंय. गोंद पुसलेला आठवतोय. म्हणजे जे घडलंच नाही ते मला आठवतंय."

"वर्ल..."

"माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. गॅस बंद केला म्हणून शपथ घ्यायची." त्यानं डोळे चोळले. "सोमवारी डॉक्टरकडे जाऊ. तुझ्यावर हे ओझं टाकायची माझी इच्छा नव्हती. पण आत्ताच कळलेलं बरं."

मला वाटलं होतं, तो हातावर खापर फोडेल आणि थांबेल. आपल्या डोक्यावर फोडेल असं मनातही आलं नव्हतं. सासूबाईंची शेवटची सहा वर्षं मी माझ्या हातांनी काढली आहेत. वर्लला त्यातला एकेक दिवस माहीत आहे.

"तू काही विसरला नाहीस," मी म्हणाले. "तू घट्ट केला होतास. मी ढिला केला."

त्याला कळलंच नाही.  मग मी सगळं सांगितलं. मार्चपासून. पोहायला गेल्यावर कसं टेबलाशी बसायचे, कोणत्या स्क्रूड्रायव्हरनं, किती फिरवायचे. ऑस्ट्रँडरच्या पत्रातलं वाक्य गाळलं होतं तेही सांगितलं. बोलताना मी त्या आकड्यांच्या कागदाची घडी घालत होते, उघडत होते, पुन्हा घालत होते.

"बिजागरीला हात लावलास?" तो म्हणाला.

एवढं सगळं ऐकून त्याला पहिलं हेच दिसलं. आवाज चढला नव्हता, पण कारखान्यात नव्या माणसानं यंत्र चालू असताना त्यात हात घातला की वर्ल ज्या आवाजात बोलायचा, तो आवाज होता. सेहेचाळीस वर्षांत तो माझ्यासाठी कधी निघाला नव्हता.

"हो."

"बारक्यांना फिरवलंस, मी समजू शकतो. मूर्खपणा आहे, पण समजू शकतो. बिजागरीला? तिच्यावर पातं फिरतं, लारू! तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"किती जणांच्या?"

"अकरा."

"अकरा!" तो उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. "आजच्या आज सगळ्यांना लिही. चाकू उघडू नका, परत पाठवा, म्हणून लिही. आणि त्याच्या आधी ऑस्ट्रँडरला फोन कर."

"मी?"

"मग कोण? मी काय सांगू त्याला?"

मी गॅरेजच्या भिंतीवरच्या फोनवरून केला. वर्ल तिथेच बसून राहिला. ऑस्ट्रँडरनं लगेच उचलला. आवाज नेहमीसारखा मोकळा. "बोला लारूबाई! अहो, मी काही भांडायला नव्हतं लिहिलं. वर्लला म्हणावं, मनाला लावून घेऊ नको."

"वर्लची चूक नाही," मी म्हणाले. "स्क्रू मी फिरवला. त्यानं घट्ट करून ठेवलेला, मी नंतर मागे घेतला."

"मागे घेतला? कशासाठी?"

"खाच सरळ दिसावी म्हणून."

 पलीकडे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

"दिसावी म्हणून," तो म्हणाला. "बाई, मी तीस वर्षं इंजिनांमध्ये हात घालून दहाही बोटं शाबूत घेऊन घरी आलो. आणि हे तुम्ही दिसावं म्हणून केलंत?"

"हो."

"वर्लला माहीत होतं?"

"नाही. आज सांगितलं."

"मग त्या बिचाऱ्याशी नीट वागा जरा," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

बरोबरच होतं त्याचं. मी फोन जागेवर ठेवला आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. वर्लनं जोर मोजायच्या स्क्रूड्रायव्हरचा काटा शून्यावर आणला. मला वाटलं, आता हा बोलणार नाही, कदाचित वसंतापर्यंत. मग मीच बोलले, कारण मला अजून एक गोष्ट सांगायची राहिली होती.

"तुला दिसत नव्हतं ना, म्हणून केलं मी. ओळ वाकडी होतेय हे तुला कळलं असतं तर तू पुन्हा पहिल्यासारखा झाला असतास. त्या हिवाळ्यासारखा. तेवढं सोसायची ताकद माझ्यात नव्हती."

"दिसत नव्हतं?" वर्ल म्हणाला. "कोणी सांगितलं तुला, दिसत नव्हतं म्हणून?"

मी वळून त्याच्याकडे बघितलं.

"घासायला गेलं की हात हलायचा आणि स्क्रूचं डोकं तिरकं घासलं जायचं. एका स्क्रूमागे तीन फुकट. मार्चमध्येच कळलं की ओळ आता होत नाही. म्हणून घट्ट बसवायचे आणि खाच जिथे येईल तिथे येऊ द्यायची, असं ठरवलं. घट्ट असणं हे काम. सरळ असणं ही मिजास."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुझ्याकडे बघून." तो थांबला. "तुझं ते पोस्ट, ती मायटे, ती पत्रं. वाचून दाखवताना हसायचीस. मी बंद केलं असतं तर तुला दिवसभर काय उरलं असतं, मी? मागच्या वेळी मी तुझं काय केलं होतं ते मला आठवतं. म्हणून म्हटलं, आपण होऊन नको. एक ना एक दिवस कोणीतरी लिहीलच, वर्ल, तुझी ओळ गेली. तू मला ते वाचून दाखवशील. मग दोघं मिळून बंद करू, आणि तुलाही वाटेल की वेळ आली होती."

"मला ते पोस्ट मेलं नको झालंय रे!" मी ओरडलेच. "गुडघ्यांचं पीठ झालंय त्या रांगेत! मी हसायचे ते तुझ्यासाठी!"

 त्याचा उजवा हात मांडीवर थरथरत होता आणि त्यानं तो डाव्या हातानं दाबून धरला होता. मला तेव्हा दिसलं, तो किती दमलाय. आठ महिने हा माणूस रोज सकाळी उठून या गॅरेजात येत होता, नको असताना, आणि मी रोज सकाळी त्याची पावलं ऐकून म्हणत होते, चला, वर्ल बरा आहे.

"आठ महिने वाट बघितली," तो म्हणाला. "पत्र आलं की म्हणायचो, हेच असेल. तर तू वाचायचीस, ओळ काय सुंदर आहे. मला वाटायला लागलं, देशातल्या सगळ्यांचेच डोळे गेलेत की काय. एक तक्रार आली असती, लारू, तरी सुटलो असतो."

ती येऊ नये म्हणून मी आठवड्यातून दोन सकाळी चांगला चष्मा लावून बसत होते. आणि ज्याचं यात काहीच देणं-घेणं नव्हतं, त्याचं बोट आता वाकणार नाही. रडावं असं वाटलं, पण तेवढंही त्राण नव्हतं. मी त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले.

"आता आली ना तक्रार," मी म्हणाले.

"आली," वर्ल म्हणाला. "पण ती माझ्या कामाबद्दल नाही. माझं काम घट्ट होतं."